बाळंतिणीच्या घरी पाहुणे : वडीलधाऱ्यांचे काम

मझल तोव! घरात बाळ आले की पहिले शब्द हेच असतात. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्नही ठरलेला : "मग, बाळ बघायला कधी येऊ?" आपला समाज लहान आहे. दिमोनात नातू झाला की अश्दोदला, लोदला आणि किर्यात गातला तासाभरात बातमी पोहोचते. मुंबई-ठाण्यालाही त्याच दिवशी. सगळ्यांना आनंद होतो आणि सगळ्यांनाच यायचे असते.

आनंद वाटून घेण्याची ही रीत चांगलीच आहे. पण ज्या घरात सगळे येणार असतात, त्या घरात या वेळी दोन नाजूक माणसे असतात : एक काही दिवसांचे बाळ आणि दुसरी त्याची आई. बाळाला अजून रोगाशी झगडता येत नाही. आईला नीट झोप मिळालेली नाही, अंगावरची जखम भरायची आहे आणि दूध पाजण्याची सवय अजून व्हायची आहे. अशा वेळी पाहुण्यांचे येणे म्हणजे मदतही असते आणि धोकाही. कोणते व्हावे, हे बरेचसे आपल्या वयाच्या माणसांच्या हाती आहे. आपण स्वतः पाहुणे म्हणून जातो, आणि आपल्या मुला-नातवंडांच्या घरी कोणी कधी यावे यावरही आपल्या शब्दाचा परिणाम होतो. म्हणून या वेळचा लेख आजी-आजोबा, काका-काकी, मामा-मामी, आत्या आणि मावशी यांच्यासाठी.

बाळाला इतके जपायचे कशासाठी?

आपल्यापैकी अनेकांना वाटते, "आम्ही दहा माणसांच्या घरात वाढलो, आम्हाला काय झाले?" आपण वाढलो हे खरे. पण त्या काळी प्रत्येक घराण्यात एखाद-दुसरे बाळ पहिल्या वर्षात गेलेले असायचे, हेही आपल्याला आठवत असेल. त्यांची नावे कोणी घेत नाही, म्हणून ती विसरली जातात.

जन्मल्यावर पहिले दोन-तीन महिने बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती फार कच्ची असते. आईकडून पोटात असताना मिळालेले आणि दुधातून मिळणारे संरक्षण, एवढेच त्याच्याजवळ असते. इस्राएलमध्ये डांग्या खोकल्याची पहिली लस टिपत हलावमध्ये बाळ दोन महिन्यांचे झाल्यावर देतात. त्यानंतर चौथ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुढचे डोस असतात. गोवराची लस तर एरवी एक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते. म्हणजे मधल्या काळात बाळाचे रक्षण करणारी लस त्याच्या भोवतीच्या माणसांच्या अंगात असावी लागते. २०१८-१९ मध्ये इथे गोवराची मोठी साथ आली होती, हे आपल्याला माहीत आहेच.

आता डांग्या खोकल्याचेच पाहा. लहानपणी लस घेतली असेल किंवा तो आजार होऊन गेला असेल, तरी त्याचे संरक्षण वर्षांनुवर्षे टिकत नाही, हळूहळू कमी होते. मोठ्या माणसाला हा खोकला झाला तर तो आठवडेच्या आठवडे खोकतो आणि म्हणतो, "हवा बदलली, घसा धरलाय." तोच जंतू दोन-तीन आठवड्यांच्या बाळाकडे गेला तर बाळाला कधीकधी खोकलाही येत नाही, त्याचा श्वासच मध्ये थांबतो. म्हणून गरोदर बाईला २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ही लस घ्यायला सांगतात, म्हणजे बाळ थोडे संरक्षण घेऊनच जन्माला येते.

हिवाळ्यातल्या साध्या सर्दीचेही तसेच आहे. आपल्याला दोन दिवस नाक गळते आणि विषय संपतो. पण काही विषाणूंमुळे होणारी तीच सर्दी छोट्या बाळाच्या छातीत उतरते, त्याला धाप लागते, दूध ओढता येत नाही आणि मग इस्पितळात न्यावे लागते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ताप येऊन गेल्यावर ओठावर जर उठतो, तो एका विषाणूमुळे उठतो. मोठ्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. पण जर आलेल्या ओठांनी नवजात बाळाचा पापा घेतला, तर तो विषाणू बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि जिवावर बेतू शकते. ओठावर जर असेल तर तो पूर्ण सुकून खपली पडेपर्यंत बाळाजवळ जाऊच नये. आपल्या वयात अंगावर नागीणही उठते. तिच्या फोडांतल्या पाण्यातून बाळाला कांजिण्या होऊ शकतात. तेव्हाही फोड सुकेपर्यंत लांबच राहावे.

जाण्याआधी घरीच बघा

बाळ बघायला निघण्याआधी स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. मला सर्दी, खोकला, ताप, जुलाब किंवा उलटी आहे का? गेल्या दोन दिवसांत होती का? माझ्या घरात कोणी आजारी आहे का? एकाचेही उत्तर 'हो' असेल, तर फोनवर मझल तोव म्हणा आणि पुढच्या आठवड्यात जा. बाळ कुठे पळून जात नाही.

घरात बाळंतपण होणार आहे हे काही महिने आधी कळलेले असते. तेव्हाच आपल्या कुपत होलीमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा की डांग्या खोकल्याचा डोस मला घ्यायला हवा का. फ्लूची लस दर हिवाळ्याआधी कुपत होलीममध्ये फुकट मिळते, ती घेऊन टाका. लस घेतल्यावर तिचा गुण यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून बाळ जन्मल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

न विचारता जाऊ नका. "इकडून चाललो होतो, म्हटले डोकावून जावे," हे एरवी प्रेमाचे असते, पण बाळंतिणीच्या घरी ते नको. कदाचित त्याच क्षणी बाळ आणि आई दोघेही डोळे मिटून पडलेले असतील. आदल्या दिवशी फोन करा. फोन बाळंतिणीला न करता बाळाच्या बापाला करा. "कधी येऊ?" असे विचारण्यापेक्षा "या आठवड्यात चालेल का, की पुढच्या आठवड्यात बरे पडेल?" असे विचारा. म्हणजे नको म्हणणे त्यांना सोपे जाते.

अत्तर, सेंट लावून जाऊ नका. सिगारेट ओढत असाल तर जाण्याआधी ओढू नका, आणि ओढलीच असेल तर कपडे बदलून जा. धूर कपड्यांत आणि केसांत राहतो, आणि बाळाचे नाक त्याच कपड्यांना लागते.

तिथे गेल्यावर

कोकणात आपल्या आजीच्या घरी बाहेरून आलेला माणूस आधी पाय धुवायचा आणि मगच आत यायचा. इथल्या फ्लॅटमध्ये तेच काम बेसिनपाशी करायचे. बूट दाराशी काढा, साबणाने वीस सेकंद हात धुवा, मगच बाळाच्या खोलीकडे वळा. अंगठ्या-बांगड्यांच्या खालीही धुवा. आपण आधी उठून हात धुतले की मागून आलेले तरुण न सांगता धुतात.

बाळ मागून घेऊ नका. आई स्वतः देईल तेव्हा घ्या. घेताना खुर्चीत नीट बसून घ्या, उभ्याने नको. आपल्या वयात गुडघा कधी दगा देतो, कधी चक्कर येते. मान आणि डोके हाताच्या आधारावर राहू द्या. बाळ मांडीवर असताना गरम चहाचा कप हातात घेऊ नका, आणि बाळ हातात असलेल्या माणसाच्या डोक्यावरून कोणाला चहाही देऊ नका.

पापा तोंडाचा, हातांचा किंवा गालांचा नको. बाळ स्वतःचे हात तोंडात घालते. फारच वाटले तर पायाला हलकेच ओठ लावा. आशीर्वाद द्यायला पापा लागत नाही.

अर्धा तास पुष्कळ झाला. बाळ रडू लागले, आई घड्याळाकडे बघू लागली किंवा पदर सावरू लागली, की उठायची वेळ झाली. अंगावर पाजताना तिला एकटे राहू द्या. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते. म्हणजे रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी. एका वेळेला अर्धा-पाऊण तास जातो. मग ढेकर काढणे, लंगोट बदलणे. एक पाहुणा दोन तास बसला तर आईची त्या दिवसातली एक झोप गेली असे समजा. दिवसाला तीन पाहुणे आले तर तिला झोप मिळतच नाही. आणि झोप नसली, मन ताणलेले असले, की दूध सुटायलाही वेळ लागतो.

फोटो काढायचा असेल तर विचारून काढा, फ्लॅश नको. आणि आई-बापांनी 'हो' म्हटल्याशिवाय तो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कुटुंबाच्या गटात टाकू नका. आपल्या बाळाचे पहिले चित्र कोणाला दाखवायचे, हा त्यांचा हक्क आहे.

घरात मोठे भावंड असेल तर आधी त्याच्याकडे जा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला वाटते की आपली जागा गेली. त्याला मांडीवर घ्या, त्याच्यासाठी एखादे चित्रांचे पुस्तक न्या. आणि एक खबरदारी : आपली रक्तदाबाची, साखरेची औषधे पर्समध्ये असतात. ती पर्स सोफ्यावर उघडी ठेवू नका. छोट्या मुलाला गोळी म्हणजे खाऊ वाटतो.

काय न्यावे?

अंगडे-टोपडे सगळेच आणतात. बाळंतिणीला खरे उपयोगी पडते ते शिजवलेले अन्न. चिकन सूप, मऊ खिचडी, मेथीची भाजी, नारळाच्या रसातली अळिवाची खीर. नारळाच्या रसातली खीर मांसाच्या जेवणानंतरही चालते, म्हणून आपल्या घरांतून ती पूर्वीपासून सोयीची आहे. डिंकाचे लाडू तुपातले असतील तर डब्यावर 'दुधाचे' असे लिहा, म्हणजे थकलेल्या सुनेला विचार करायला नको. शुक्रवारी दुपारी शब्बाथचे जेवण तयार करून पोहोचवले, तर त्याहून मोठी भेट नाही. परत द्यावे लागणार नाहीत अशा डब्यांत न्या.

अन्नाशिवाय कामही नेता येते. सिंकमधली भांडी धुणे, वाळलेले कपडे घडी करणे, कचऱ्याची पिशवी खाली नेणे, मोठ्या मुलाला बागेत फिरवून आणणे. "काही लागले तर सांग," असे म्हणून निघालो तर ती काही सांगत नाही. "मी आता भांडी धुते, तू पड," असे म्हटले तर ती पडते. बाळ सांभाळायला आईच हवी असते. आपण आईला सांभाळायचे.

आजीच्या बटव्यातले काय ठेवावे, काय सोडावे

बाळंतिणीच्या घरी सल्ले पुष्कळ मिळतात, आणि त्यांतले बरेच आपल्याकडून. आपल्या रीतींत पुष्कळ चांगले आहे. बाळंतिणीला गरम, ताजे आणि पोटभर जेवण, आराम, तिला घरकामातून मोकळीक, बाळाला हलक्या हाताने तेल लावणे, अंगाई म्हणणे. हे जरूर चालू ठेवा. पण काही गोष्टी आता सोडल्या पाहिजेत, आणि त्यांची कारणे समजून घेतली की सोडणे जड जात नाही.

मध : एक वर्षाच्या आत एक थेंबही नको. मधात कधीकधी एका जंतूची बीजे असतात. मोठ्यांच्या पोटात ती काही करत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात रुजतात आणि त्यांच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात. जिभेला मध चाटवणे, मधात बुडवलेली चोखणी देणे, रोश हशानाच्या दिवशी बोट बुडवून "शकुनाचे" म्हणून चाखवणे, यांतले काहीही नको.

पाणी, गुटी, साखरेचे पाणी : सहा महिने आईचे दूध, किंवा डॉक्टरांनी सांगितलेले डब्याचे दूध, एवढेच. नेगेवच्या उन्हाळ्यातसुद्धा दुधातच पुरेसे पाणी असते. वरून पाणी दिले तर बाळाचे पोट भरते, ते दूध कमी पिते आणि रक्तातले क्षार बिघडू शकतात.

काजळ : बाजारातल्या काही काजळांत आणि सुरम्यांत शिसे सापडलेले आहे. शिसे बाळाच्या मेंदूला बाधते. डोळ्यांत काही घालू नका.

बेंबी : नाळ सुकून पडेपर्यंत कोरडी ठेवायची. हळद, तेल, राख काही लावायचे नाही.

शेगडी आणि धुरी : बंद खोलीत कोळशाच्या धुरातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो. थंडीत खिडक्या बंद करून शेगडी पेटवणे आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

गळ्यात काळे मणी किंवा दोरा : झोपेत गळ्याभोवती अडकतो. दृष्टीची काळजी वाटत असेल तर देवाजवळ प्रार्थना करा, गळ्यात काही बांधू नका.

झोपवण्याची रीत : बाळाला नेहमी पाठीवर झोपवायचे, पालथे किंवा कुशीवर नको. पाळण्यात उशी, जाड दुलई, मऊ खेळणी नकोत. आपण आपली मुले पालथी झोपवली असतील, कारण तेव्हा तसेच सांगत असत. १९९० नंतर अनेक देशांत पाठीवर झोपवायला सांगू लागले आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या खूप कमी झाली. म्हणून सुनेने बाळ पाठीवर ठेवले असेल, तर "उलटी घशात जाईल" म्हणून त्याला वळवू नका. निरोगी बाळ पाठीवर असतानाही दूध नीट बाहेर टाकते.

आणि वजन : "बाळ किती बारीक झाले!" हे वाक्य पाहुण्यांनी उच्चारूच नये. पहिल्या काही दिवसांत बहुतेक बाळांचे वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. टिपत हलावची नर्स ते मोजत असते. आपले एक वाक्य ऐकून आईला वाटते की तिचे दूध पुरत नाही.

ब्रित, बारसे आणि गर्दी

मुलगा झाला तर आठव्या दिवशी ब्रित मिला. म्हणजे बाळ सर्वांत नाजूक असताना घरात किंवा सिनेगॉगमध्ये सर्वांत मोठी गर्दी. हा दिवस टाळायचा नाही, पण शहाणपणाने करता येतो. बाळाला एलियाहूच्या खुर्चीपर्यंत आणि संदाकाच्या मांडीपर्यंत नेणारी माणसे आधी ठरवावीत, तेवढ्यांनीच हात धुवून त्याला घ्यावे. विधी झाला की बाळ आणि आई शांत खोलीत जावेत. मलिद्याची ताटे आणि गप्पा बाहेर चालू द्याव्यात. अनेक फ्लॅटमध्ये बाळाचा पाळणा ममादमध्ये ठेवतात. त्या छोट्या खोलीत दहा माणसे शिरली तर हवा कोंडते. तिथे एका वेळी दोघांहून जास्त जाऊ नयेत.

बाळाला कावीळ असेल किंवा वजन कमी असेल, तर डॉक्टर आणि मोहेल ब्रित पुढे ढकलतात. पुष्कळ बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून थोडी कावीळ दिसते, त्यात नवल नाही. अशा वेळी "हॉल ठरलाय, पाहुणे निघालेत" असा आग्रह कोणी धरू नये. पिवळ्या पडलेल्या बाळाची ब्रित थांबवावी, हे धर्माच्या नियमातच आहे. जीव वाचवणे बाकी सगळ्याच्या आधी येते, यालाच पिकुआख नेफेश म्हणतात. ब्रितनंतर लंगोट रक्ताने भिजत असेल, जखमेभोवती सूज किंवा लाली वाढत असेल, किंवा बाळाने बारा तासांत लघवी केली नसेल, तर लगेच मोहेल आणि डॉक्टरांना कळवावे.

मुलीच्या बारशाला दिवसाची इतकी घाई नसते. आई सावरली, बाळाने अंग धरले, की करावे. उशिरा केले म्हणून आनंद कमी होत नाही.

राहायला येणारी माणसे

आपल्याकडे बाळंतपणाला मुलीची आई येते. कधी ती बेरशेवाहून येते, कधी मुंबईहून विमानाने. इस्राएलमध्ये साधारण बाळंतपणानंतर दोन दिवसांत आणि सिझेरियन झाले तर तीन-चार दिवसांत घरी पाठवतात, त्यामुळे घरात एक अनुभवी माणूस असणे ही मोठी सोय आहे. मुंबईहून येणाऱ्यांनी शक्य असेल तर बाळ जन्मायच्या आठ-दहा दिवस आधी यावे, म्हणजे प्रवासात सर्दी-पडसे झाले असेल तर ते आधीच बरे होते. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून छातीची तपासणी करून यावे. क्षयाचा संशय तिथेच फेडून घेतलेला बरा.

घरात दोन आज्या असल्या की कामे वाटून घ्यावीत. एकीने स्वयंपाक, दुसरीने मोठी मुले. बाळाचे काय करायचे हे आई-बापांनी ठरवावे. "माझ्या घरी असे करत," "आमच्याकडे तसे करत," यातून जो ताण होतो तो बाळंतिणीलाच सोसावा लागतो. शंका असेल तर टिपत हलावच्या नर्सला विचारावे. नर्सने सांगितले की दोन्ही आज्यांचा मान राहतो.

दार सांभाळणारा माणूस

आता मुख्य गोष्ट. आपल्या समाजात सून वडीलधाऱ्या पाहुण्याला "आज नको" असे म्हणू शकत नाही. जावयालाही अवघड जाते. तरुण माणसाने म्हटले तर "शिकलेली आहे, गर्विष्ठ झाली" असे होते. पण आजीने किंवा आजोबांनी म्हटले तर कोणाला राग येत नाही. म्हणून बाळंतिणीच्या दाराची राखण आपण केली पाहिजे. आपल्या वयाचा आणि मानाचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही.

पाहुण्यांचे फोन आपल्याकडे वळवून घ्या. नम्रपणे पण स्पष्ट सांगा : "बाळ छान आहे. डॉक्टरांनी दोन महिने गर्दी नको म्हटले आहे. मी तुम्हाला कळवीन." किंवा : "आज दोघेही झोपले आहेत. रविवारी संध्याकाळी पाचला या, अर्धा तास बसू." कोणी खोकत दाराशी आलेच, तर त्यांना बाहेरच्या खोलीत बसवून चहा द्या, बाळ आत राहू द्या, आणि दोष डॉक्टरांच्या नावावर जाऊ द्या.

ही काही नवी कल्पना नाही. तोराच्या वयिक्रा पुस्तकात, १२व्या अध्यायात, मुलगा झाल्यास एकूण ४० आणि मुलगी झाल्यास ८० दिवस बाळंतिणीसाठी वेगळे सांगितले आहेत. त्यामागचे कारण शुद्धीचे आहे, आरोग्याचे नाही. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांत त्या दिवसांत बाळंतिणीची खोली वेगळी असायची, ऊठसूट कोणी आत जात नसे आणि तिला काम सांगत नसे. इथला कायदाही आईला वेळ देतो. पात्र असणाऱ्या नोकरदार आईला बितुआख लेउमीकडून १५ आठवड्यांचा भत्ता मिळतो. तो वेळ पाहुण्यांचा पाहुणचार करण्यात जाऊ नये.

आणि कधी आपल्यालाच "आत्ता येऊ नका" असे सांगितले गेले तर? वाईट वाटते, हे खरे. वर्षानुवर्षे वाट पाहिलेली असते. पण त्यातून "आम्ही नकोसे झालो" असा अर्थ काढू नये. ज्या मुलांना आपल्या बाळाची एवढी काळजी आहे, ती आपणच वाढवलेली आहेत. पहिल्या दोन महिन्यांत धीर धरला की पुढची अनेक वर्षे त्या नातवाच्या घराचे दार आपल्यासाठी उघडे राहते. तोवर फोनवर तोंड दाखवा, अंगाई म्हणून पाठवा, डबा पाठवा.

आईकडेही बघा

बाळ बघायला गेलेला प्रत्येक जण पाळण्यात वाकून बघतो. आईच्या तोंडाकडे बघणारे थोडे. आपल्या अनुभवी डोळ्यांनी तिकडे जरूर बघावे.

बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत उगीच रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेक बायकांना होते आणि आपोआप जाते. पण दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळ झोपलेले असतानाही तिला झोप येत नसेल, जेवण जात नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नाही असे ती म्हणत असेल, तर तो आजार आहे. आळस नाही, नखरे नाहीत आणि कृतघ्नपणाही नाही. त्यावर उपचार आहेत. टिपत हलावची नर्स यासाठी दहा प्रश्नांची एक यादी विचारते. तिला खरी उत्तरे दे, असे सुनेला प्रेमाने सांगा, आणि "देवाने एवढे सोन्यासारखे बाळ दिले, रडतेस काय?" असे म्हणू नका. त्या वाक्याने ती गप्प होते, बरी होत नाही. मनाच्या त्रासासाठी इस्राएलमध्ये एरानचा १२०१ हा फोन चोवीस तास चालू असतो. स्वतःचे किंवा बाळाचे बरेवाईट करण्याचे विचार तिच्या बोलण्यात आले, तर तिला एकटे सोडू नका आणि लगेच इस्पितळात न्या.

शरीराच्याही काही खुणा आहेत. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजेल इतके रक्त जाणे, ३८ अंशांहून जास्त ताप, न थांबणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पायाला सूज आणि दुखणे, छातीत दुखणे, धाप लागणे. यांतले काहीही झाले तर "बाळंतपणात होतेच" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर. धाप, छातीतली कळ किंवा फार रक्त असेल तर ताबडतोब मागेन दाविद आदोमला १०१ वर फोन करा.

बाळाच्या बाबतीत : तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप आला, तर अकामोल देऊन वाट पाहू नका, लगेच डॉक्टरकडे किंवा इस्पितळात न्या. तसेच दूध ओढत नसेल, उठवूनही जागे होत नसेल, श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जात असतील, किंवा लंगोट नेहमीपेक्षा खूप कमी ओले होत असतील, तरीही. ओठ निळे पडले किंवा श्वास थांबल्यासारखा वाटला तर १०१.

हे दोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा, आणि त्यांच्याखाली टिपत हलावच्या नर्सचा नंबरही लिहा. पुढचे बाळ तुमच्या घरी असो वा शेजारच्या घरी, कागद तयार असू द्या. सर्व नव्या बाळांना आणि त्यांच्या आईंना आरोग्य लाभो.